फ्लेक्सवर फोटो लागल्यानंतर पुढे काय? (मराठवाड्यातून मोठ्या संस्थांत गेलेल्यांसाठी धागा)

मांजराकाठ

जून उजाडला की लातूर-नांदेडच्या चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. पोरांचे पासपोर्ट फोटो, खाली रँक, आणि वर क्लासच्या सरांचा त्या सगळ्यांहून मोठा फोटो. यंदा त्यात माझा भाचाही आहे. आयआयटी मिळालीय. परवा ताईनं फोनवर विचारलं, "तुला तिथं कसं गेलं रे? तू कधी काही बोललाच नाहीस." मी नेहमीसारखं "बरं गेलं" म्हणून वेळ मारून नेली. मग वाटलं, आत कसं जायचं हे सांगणारी माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. लातूरचा तर निम्मा बाजार त्यावर चालतो : खोल्या, डबे, झेरॉक्स, अभ्यासिका, ॲटो. आत गेल्यावर काय होतं हे मात्र कुणीच सांगत नाही. जे गेले ते पुणे, बंगळूर, अमेरिकेत. लग्नाकार्याला येतात, सत्काराची शाल घेतात आणि परत जातात. म्हणून हा धागा. आयआयटीच पाहिजे असं नाही. जेएनयू, एम्स, टाटा इन्स्टिट्यूट, परदेश, जे असेल ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. औसा तालुका, जन्म किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षीचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावी लातूर, २०११ ला पवई, म्हणजे मुंबई आयआयटी. लातूर एक्स्प्रेसनं पहाटे ठाण्याला उतरलो, लोकलनं कांजूरमार्ग, तिथून रिक्षा. वडील सोबत होते. हॉस्टेलची खोली बघून म्हणाले, "आपल्या लातूरच्या खोलीपेक्षा मोठी हाय की." तिथवर सगळं ठीक होतं.

पहिला दणका कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये बसला. सीएस १०१ नावाचा कोर्स सगळ्यांना सक्तीचा, सी प्लस प्लसमध्ये प्रोग्रॅम लिहायचे. माझी पुंजी म्हणजे एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट, ८० च्या वर मार्क. वर्डमध्ये टेबल काढता येत होतं, पेंटमध्ये घर. लॅबमध्ये लिनक्स. समोर काळा पडदा, त्यावर एक पांढरी रेघ लुकलुकतेय, माउसनं काहीच होत नाही. शेजारचा पोरगा हैदराबादच्या कुठल्याशा शाळेत आठवीपासून प्रोग्रॅमिंग करत होता. त्याचं काम अर्ध्या तासात संपलं आणि तो क्रिकेटचा स्कोअर बघत बसला. मी फाइल सेव्ह कुठे झाली ते शोधत होतो.

दुसरी गोष्ट ओपन बुक परीक्षेची. घरी फोनवर सांगितलं की पेपर अवघड गेला, पुस्तक बघून लिहायचा होता. वडील बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "पुस्तक म्होरं ठिवून अवघड कसं जातं?" याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. लातूरला आम्ही एकेक प्रकारचं गणित इतक्या वेळा सोडवलेलं असायचं की प्रश्न बघताच हात चालायचा. इथे मास्तर असा प्रश्न टाकायचा की तो कुठल्या प्रकारातला हेच कळू नये. आणि ग्रेड तुमच्या मार्कांवर नाही, वर्गात तुम्ही कितवे यावर. शंभरपैकी पन्नास पडूनही एए, म्हणजे सगळ्यांत वरची ग्रेड, मिळू शकतो आणि ऐंशी पडूनही बीसी, म्हणजे मधली. त्यातून विंगमधला, म्हणजे हॉस्टेलच्या आमच्या ओळीतल्या खोल्यांतला, प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या जिल्ह्याचा पहिला. जन्मभर पहिला असलेल्या पोराला मधे कुठेतरी उभं राहायची सवयच नसते.

मला सावरलं पीएएफनं. म्हणजे हॉस्टेलं एकत्र येऊन ओपन एअर थिएटरात मोठं नाटक करतात, त्याचे सेट पोरंच बांधतात, दोन-दोन मजली. एका रात्री बांबूचा सांगाडा उभा राहीना. कोटा-हैदराबादवाल्या हुशार पोरांना गाठ मारता येत नव्हती. मी गावात लग्नाचे मांडव घालायला हाताखाली राहिलेलो. सुंभ भिजवून घेतलं, आडवा-उभा फास टाकला, वर चढून लोंबकळून दाखवलं. त्या रात्रीपासून सीनियर मला नावानं हाक मारायला लागले. पुढे ट्युटोरियल अडलं की कुणाची खोली ठोठवायची, हे त्यातूनच ठरलं.

तुमचं लिहा.

बालाघाट

धागा चांगला आहे, पण मी जरा उलटं लिहिणार. मी बीड जिल्ह्यातला. औरंगाबादच्या सरकारी इंजिनिअरिंगला शिकलो, १९६० सालचं कॉलेज आहे, तिथून निघून माझं काही वाईट झालं नाही. हे मोठ्या संस्थांचं कौतुक आपण जरा जास्तच करतो असं मपलं मत. एका लेकरासाठी अख्खं घर लातूरला भाड्यानं राहायला जातं. आई तिथं स्वयंपाकाला, बाप इकडं रानात एकटा भाकरी थापतो. फ्लेक्सवर वीस फोटो असतात, पण त्याच क्लासच्या बाकड्यावर बसलेली बाकीची पोरं कुठं गेली? त्यांचा धागा कुणी काढत नाही. आणि जे जातात ते परत येत नाहीत, हे तर मांजराकाठ यांनीच लिहिलंय. मग जिल्ह्याला काय मिळालं? फ्लेक्स.

गोदावरी४२

@बालाघाट, मुद्दा बरोबर आहे, पण मुलींच्या बाबतीत हिशेब थोडा वेगळा बसतो. आधी माझं सांगते.

देगलूरकडची. बीए नांदेडला, आणि २००८ ला एमएसाठी जेएनयू. तेव्हा जेएनयूची स्वतःची प्रवेश परीक्षा होती (आता २०२२ पासून सीयूईटी, म्हणजे विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा आहे), आणि मागास जिल्ह्यातून येणाऱ्यांना व मुलींना थोडे जादा गुण मिळायचे. आमच्या सरांनी फॉर्म आणून दिला म्हणून भरला, नाहीतर मला हे नावसुद्धा माहीत नव्हतं. सचखंड एक्स्प्रेसनं गेले. ज्यांनी तो प्रवास केलाय त्यांना माहीत आहे, वाटेत स्टेशनांवर लंगर मिळतो, डबा उघडायची गरजच पडत नाही. आईनं दिलेले धपाटे दिल्लीपर्यंत तसेच.

जेएनयूची हॉस्टेलं नद्यांच्या नावाची आहेत. मला मिळालं गोदावरी. घरी सांगितलं तर आजी म्हणाली, "मंग काय, घरीच हाईस की."

पहिल्या सत्रात मी वर्गात एक शब्द बोलले नाही. नांदेडला आमचा वर्ग म्हणजे सर सांगणार, आम्ही उतरवून घेणार, गाइडातून पाठ करणार, आणि प्रश्न विचारला तर सरांना राग. इथे सेमिनार. पंधरा जण गोल बसलेले, प्रत्येकाला मत. पहिला टर्म पेपर मी चांगला वीस पानांचा लिहिला, आठ पुस्तकांतून सगळं नीट गोळा करून. परत आला तेव्हा मॅडमनी समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं : हे सगळे काय म्हणतात ते कळलं, तुमचं म्हणणं कुठे आहे? मला खरंच कळेना, की एमएच्या मुलीचं म्हणणं असावं अशी अपेक्षा कुणी का करावी. रडले. मग त्यांच्याकडे गेले. त्यांनी एकच काम दिलं : देगलूरच्या आठवडी बाजारावर चार पानं लिही, एकही पुस्तक न बघता. ती चार पानं वीस पानांपेक्षा जड गेली. पण बैल कोण आणतं, कर्नाटक-तेलंगणातनं कोण येतं, दलाल रुमालाखाली बोटांनी भाव कसा करतो, हे मला माहीत होतं आणि त्या वर्गात दुसऱ्या कुणालाच नव्हतं. तिथून तोंड उघडलं.

बाकी शिक्षण मेसमध्ये आणि गंगा ढाब्यावर झालं. मी होते तेव्हा विद्यार्थी संघाच्या निवडणुकांवर सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती होती, तरी रात्री जेवणं झाली की मेसमध्ये सभा व्हायच्याच. कोण कुठल्या पक्षाचं ते कळायलाच वर्ष गेलं. दोन्ही बाजूंची पत्रकं मी जपून ठेवायची, रद्दीला बरी म्हणून नव्हे, वाचायला.

गावाकडचा त्रास निराळा. दिल्लीत मुलगी शिकते म्हणजे आयएएसच करत असणार, हे सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. दर दिवाळीला "कलेक्टर कवा व्हायलीस?" समाजशास्त्रात संशोधन करतेय म्हटलं तर चेहरे पडायचे. वडिलांनी शेवटी सांगायला सुरुवात केली की परीक्षा सुरू आहेत. ती परीक्षा पीएचडी होईपर्यंत चालली.

आता तुमच्या मुद्द्याचं उत्तर. मी परत आले नाही. पण आमच्या भावकीत माझ्यानंतर ज्या मुली बाहेर शिकायला गेल्या, त्यांच्या बापांनी आधी माझ्या बापाला फोन केला होता. हे फ्लेक्सवर दिसत नाही.

बालाघाट

हे पटलं. शेवटची ओळ वाचून गप्प बसलो. (तात्पुरता.)

परभणीकर_जुना

तुम्ही सगळे तरुण दिसता म्हणून एक जुनी गोष्ट टाकतो. मराठवाड्याला "बाहेर जाऊन शिकणं" हे काही आयआयटीमुळे लागलेलं नाही. निजामाच्या काळात औरंगाबादला १९२३ पासून इंटरमीजिएट कॉलेज होतं, पण पुढच्या शिक्षणासाठी हैदराबाद गाठावं लागे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, माध्यम उर्दू. माझे वडील परभणीहून गेले. घरी मराठी, शाळेत उर्दू, भौतिकशास्त्रही उर्दूत. हिशेब ते मरेपर्यंत उर्दू आकड्यांत मांडायचे, किराणावाला वैतागायचा.

१९३८ साली वंदे मातरम् म्हटलं म्हणून उस्मानियातून मोठ्या संख्येनं विद्यार्थी काढले गेले, त्यांतले बरेच नागपूर विद्यापीठात गेले. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांतलेच. वडील त्यानंतर काही वर्षांनी पोचले, पण हॉस्टेलात ते किस्से तेव्हाही रंगवून सांगितले जात. आपलं स्वतःचं विद्यापीठ आलं १९५८ ला. म्हणजे मधली एक अख्खी पिढी अशी, जिला बीए व्हायचं तर आधी परक्या भाषेत उभं राहायला शिकावं लागलं. वडील सांगत, पहिल्या वर्षी बोलायची भीती, दुसऱ्या वर्षी मुशायऱ्याला पुढच्या रांगेत. गोदावरी४२ यांचं वाचून तेच आठवलं.

नावात_काय

बरेच दिवस इथे नुसता वाचक आहे. या धाग्यासाठी लिहितो. संस्थेचं नाव लिहीत नाही.

हिंगोली जिल्हा. मी प्रेपवाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : राखीव जागा भरल्या नाहीत तर आणखी खाली असलेल्या मुलांना आयआयटी एक वर्षाचा तयारीचा अभ्यासक्रम देते. तो पास झालात की पुढच्या वर्षी पहिल्या वर्षात, परत जेईई नाही. अभ्यास म्हणून ते वर्ष उत्तम होतं. भौतिकशास्त्र मला तिथेच पहिल्यांदा कळलं, कारण शिकवणाऱ्यांना घाई नव्हती.

खरी परीक्षा पुढे. पहिल्या आठवड्यात ओळख होताना नाव, गाव, ब्रँच, आणि चौथा प्रश्न : "रँक किती?" आवाजात काही वाईट नसतं. बरेच जण सवयीनं विचारतात. पण उत्तर दिलं की समोरच्याच्या डोळ्यांत एक छोटा हिशेब होतो आणि तो संपेपर्यंत तुम्ही तिथे उभे असता. त्यानंतर प्रोजेक्टचे गट पडतात तेव्हा तुम्हाला कुणी नाही म्हणत नाही, फक्त गट आधीच भरलेला असतो. मी उत्तर द्यायला एक युक्ती काढली : "हिंगोलीत पहिला." खोटं नव्हतं :)

आजोबांना हे सांगितलं. ते मिलिंद कॉलेजच्या अगदी सुरुवातीच्या मुलांपैकी. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० ला काढलेलं ते कॉलेज. आजोबा गावातून निघाले तेव्हा पायात वहाण नव्हती, नागसेनवनात पोचल्यावर पहिल्यांदा कॉटवर झोपले. आमच्या घरात सगळ्यात मोठं विद्यापीठ कोणतं विचाराल तर अजूनही उत्तर नागसेनवन हेच येतं, मी कुठेही शिकलो असलो तरी. आजोबांनी मला समजावलं-बिमजावलं नाही. एवढंच विचारलं, "लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी असती?" मी म्हटलं, रात्रभर. म्हणाले, "मंग तुझं रडगाणं काय हाय?"

त्यांचं बोलणं मला तेव्हा आवडलं नव्हतं, अजूनही पूर्ण आवडत नाही. लायब्ररी उघडी असली म्हणून गट उघडा होत नाही. पण मी त्या वर्षी तिथे बसायला लागलो, आणि रात्री दोन वाजता तिथे बसणारी पोरं कोण असतात ते कळलं : विदर्भातला एक, झारखंडचा एक, तमिळनाडूचे दोघे. आमचा गट तोच. पुढची सगळी प्रोजेक्टं आम्ही मिळून केली.

मांजराकाठ

@नावात_काय, लिहिल्याबद्दल आभार. रँकच्या बाबतीत एक : मुंबई आयआयटीनं २०२३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी सूचना काढल्या, त्यांत एकमेकांना जेईईची रँक विचारणं योग्य नाही, त्यातून जात काढली जाऊ शकते, असं स्पष्ट लिहिलंय. आमच्या वेळी असं काही नव्हतं. आम्ही सगळे सर्रास विचारायचो, त्याचा असा अर्थ होत असेल हे डोक्यातही यायचं नाही.

नावात_काय

सूचना वाचल्यात. हल्लीची पोरं रँकऐवजी "जेईईला फिजिक्समध्ये किती?" असं विचारतात म्हणे.

तेरणा

कळंबची. माझी सुरुवात तुळजापूरला. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, १९३६ ची संस्था, तिचं ग्रामीण कॅम्पस तुळजापुरात आहे हे आपल्याच जिल्ह्यात अर्ध्यांना माहीत नाही. देवीला जाणारे लाखो, त्या कॅम्पसच्या दारात थांबणारे किती? वर्गात केरळ, दिल्ली, ईशान्येकडची मुलं. ती धाराशिवचा दुष्काळ अभ्यासायला आलेली आणि मी तो घरून घेऊन आलेली. फील्डवर्कला टँकरची रांग बघून एक मुलगी वहीत लिहीत होती. मी तिला सांगितलं, पुढच्या बाईची घागर लहान आहे, पण ती तीनदा रांगेत येते, ते लिही.

तिथून लंडन, एलएसई, म्हणजे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. पैसे राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे. दर वर्षी अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतल्या ७५ मुलांना मिळते, त्यात फी, राहण्याचा खर्च, विमानभाडं येतं. कागदपत्रांची तयारी वर्षभर आधी लागते, हे आत्ताच लिहून ठेवा. परदेशी विद्यापीठाचं प्रवेशपत्र, जातवैधता, उत्पन्नाचा दाखला, शपथपत्रं. जातवैधता बारावीलाच काढून ठेवलेली असेल तर निम्मं काम झालं.

तिकडचा एक किस्सा. पहिल्या निबंधाला ६८ पडले. मी हादरले. ट्यूटर हसून अभिनंदन करत होता. तिकडे ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० च्या वर डिस्टिंक्शन, आणि ८० म्हणजे छापायला द्या असा प्रकार. घरी फोन केला. दादा (वडील) म्हणाले, "अडुसष्ट? बारावीला तर एक्याण्णव होते. पाणी मानवंना का तिकडलं?" त्यांनी गावात कुणाला मार्क सांगितले नाहीत.

एलएसईत बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. तिथूनच त्यांनी १९२१ ला एमएस्सी आणि १९२३ ला डीएस्सी केलं. प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर, जिथे ते राहिले होते, ते महाराष्ट्र सरकारनं २०१५ ला विकत घेतलं. मी तिथे गेले तेव्हा बाहेर एक बाई कुत्रा फिरवत होती. तिला विचारलं, हे कुणाचं घर माहीत आहे का? तिला नव्हतं. सांगत बसले, कुत्रा कंटाळला.

अभिमान वगैरे ठीक, पण एकटेपण भयंकर असतं. नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडतो. मी येसर (आपल्याकडचा आमटीचा मसाला) नेला होता. एका रविवारी येसराची आमटी केली, तर वासानं कॉरिडॉरमधला धुराचा अलार्म वाजेल म्हणून शेजारची चिनी मुलगी खिडक्या उघडायला धावली. नंतर तीच वाटी घेऊन यायची.

सेलूची_आई

नमस्कार. मी पहिल्यांदाच लिहीत आहे. माझा मुलगा यंदा आयआयटीला चालला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. तुमचे अनुभव वाचून रात्री झोप आली नाही. तो मुळात कमी बोलतो. तिथे काही झालं तर तो आम्हाला सांगणार नाही. आम्ही काय करावं? दुसरं, फीचं. आमचं उत्पन्न कापसावर, पाच लाखांच्या आत. फी दोन लाख वर्षाला आहे असं ऐकलं. यांनी शेताचा एक तुकडा काढायचं मनात घेतलं आहे. कृपया कोणी सांगावं.

जलदूत२०१६

ताई, आधी शेत थांबवा. आज रात्रीच सांगा त्यांना.

मी २०१६ च्या बॅचचा, लातूरचा. त्या एप्रिलमध्ये दोन गोष्टी झाल्या. मिरजेहून आमच्याकडे पाण्याची रेल्वे आली, आणि आयआयटीची वर्षाची शिकवणी फी ९० हजारांवरून दोन लाख झाली. घरात दोन्ही बातम्या एकाच पेपरात वाचल्या. वडिलांनी पेपर घडी करून ठेवला, दोन दिवस फीचा विषय काढला नाही.

पण त्याच निर्णयात सवलतीही आहेत, आणि फ्लेक्सवाले त्या सांगत नाहीत. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग मुलांना शिकवणी फी पूर्ण माफ. इतरांत कुटुंबाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ, एक ते पाच लाखांत दोन-तृतीयांश माफ. म्हणजे तुम्हाला शिकवणी फी पडेल साधारण ६७ हजार वर्षाला. हॉस्टेल-मेसचा खर्च वेगळा, तो धरा. उरलेल्यासाठी शिक्षण कर्ज. आमच्या गावातल्या बँकेत मॅनेजरनं पहिल्याच भेटीत सातबारा मागितला. वडील द्यायला निघाले होते. मी म्हटलं थांबा. स्टेट बँकेची "स्कॉलर लोन" म्हणून योजना आहे, यादीतल्या मोठ्या संस्थांसाठी, आयआयटीला तारण लागत नाही. प्रवेशपत्र घेऊन जिल्ह्याच्या मोठ्या शाखेत जा, खेड्यातल्या शाखेत ही योजना कुणाला माहीत असेलच असं नाही.

मांजराकाठ

@सेलूची_आई, मुलाबद्दल मी सांगतो. फोनवर मार्क विचारू नका. ग्रेडचा हिशेब तिथे वेगळा असतो, त्याला समजावता येत नाही आणि तुम्हाला समजत नाही, मग तो फोनच टाळायला लागतो. काय खाल्लं, विंगमध्ये कोण कोण आहे, शेजारच्या खोलीतल्या मुलाचं नाव काय, हे विचारा. नावं सांगायला लागला की समजा बसला. दोन महिन्यांत एकही नाव आलं नाही तर मात्र गाडी पकडून जा. आधी कळवू नका, धपाटे घेऊन जा.

एखाद्या विषयात एफआर लागला, म्हणजे नापास झाला, तर परत करता येतो. माझ्या विंगमध्ये लागलेले आज उत्तम नोकऱ्यांत आहेत. हे त्याला जायच्या आधीच, सहज बोलता बोलता सांगा. लागल्यावर सांगून उपयोग नाही. प्रत्येक आयआयटीत समुपदेशन केंद्र असतं. आणि केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. नंबर त्याच्या फोनमध्ये तुम्ही स्वतः घालून द्या.

गोदावरी४२

आणि एक, मराठी माध्यमाचं दडपण त्याच्या मनात तुम्ही घालू नका. जेईई मेन आता २०२१ पासून मराठीतही देता येते, पण ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी किंवा हिंदीत. म्हणजे तो पेपर त्यानं इंग्रजीत नाहीतर हिंदीत वाचूनच ही जागा मिळवलीय. वाचता येतंच. बोलणं सहा महिन्यांत येतं, आमच्या सगळ्यांचं आलं.

बालाघाट

ताई, मी वर लई कडू बोललोय, ते तुमच्या लेकराला लागू नाही. त्याला जाऊ द्या. फक्त मांजराकाठना एक प्रश्न राहिला. भाऊ, तुम्ही परत का नाही आलात?

मांजराकाठ

@बालाघाट, माझ्या कामाचं लातूरला काहीच नाही. मी चिप डिझाइनमध्ये आहे. कर्ज फेडून झालं तेव्हा एकदा मनात आलं होतं, क्लास काढावा. आमच्या बॅचमधल्या एकानं काढलाय, त्याचा फोटो आता फ्लेक्सवर पोरांच्या वर असतो. मला ते नको होतं. एवढंच खरं उत्तर आहे, तुम्हाला ते अपुरं वाटेल याची कल्पना आहे.

बालाघाट

अपुरं आहे, पण खरं आहे. चालेल.

सेलूची_आई

सर्वांचे खूप आभार. यांना जलदूत यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. शेताचं सध्या थांबलं. उत्पन्नाच्या दाखल्याचं विचारायचं होतं. आमच्याकडे मागच्या वर्षीचा आहे, तो चालेल का? आणि किती दिवस लागतात?

जलदूत२०१६

मागच्या वर्षीचा धरू नका, नवीनच काढा. संस्थेच्या वेबसाइटवर फी सवलतीच्या अर्जाचा नमुना असतो, कोणत्या आर्थिक वर्षाचा दाखला हवा ते त्यात लिहिलेलं असतं, आधी ते बघा. मग सेतू केंद्रातून अर्ज. तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल, रेशन कार्ड, आधार, सातबारा, आठ-अ सोबत. दाखल्यावर तहसीलदारांची सही असते. नावात स्पेलिंग मुलाच्या दहावीच्या मार्कमेमोप्रमाणेच आहे ना ते काउंटरवरच तपासा, माझ्या वेळी वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त पडलं आणि सगळं पुन्हा करावं लागलं. तीन प्रती साक्षांकित करून ठेवा. आणि तलाठ्याला आधी फोन करून जा, त्यांच्याकडे दोन-तीन सज्जे (गावांचे गट) असतात, सोमवारी कुठे बसतात ते विचारून घ्या.